एका गड्याचें मोल



२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीची गोष्ट. अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळीं आम्ही कांहीं निवृत्त मंडळी बसतों. त्या दिवशीं ओहोटी होती. कुलाबा किल्ल्याकडे पायीं गेलेलीं माणसें परतूं लागलीं होतीं, आणि माझे दोन जुने विद्यार्थी वाळूंतून भांडत भांडत माझ्याकडे आले. दोघेही आतां चाळिशी ओलांडलेले. एक बँकेंत कारकून आहे, दुसरा मच्छीमारांच्या बोटींना बर्फ पुरवितो. भांडणाचें कारण कबड्डी. मुंबईंत प्रो-कबड्डी लीगचा लिलांव चालला होता. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई ह्यास गुजरातच्या संघानें २ कोटी २३ लाखांस घेतलें होतें, देवांक दलाल ह्या चढाईपटूसाठीं बंगालनें २ कोटी २० लाखांच्या वर रक्कम मोजली होती. आपल्या मुंबईच्या 'यू मुंबा' संघानें मात्र अशी उडी घेतली नव्हती.

"गुरुजी, तुम्हीच सांगा," बँकवाला म्हणाला, "एक खणखणीत चढाईपटू आणायला नको होता काय? पैसा काय पेटींत ठेवून पुजायचा आहे?"

बर्फवाल्यानें त्याला पुरतें बोलूं दिलें नाहीं. "त्या दोन कोटींत सहा पोरें उभीं राहतात रे! एकटा गडी सातांचें खेळणार काय?"

दोघांचेंही म्हणणें मला अर्धें पटलें. आणि अर्धें पटलेलें उत्तर शिक्षकानें देऊं नये. मीं त्यांना म्हटलें, "मोसम संपूं दे, मग सांगतों." आजचें भाषण म्हणजे तें राहिलेलें उत्तर आहे. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं कबड्डी केवळ मुलांच्या आग्रहानें पाहिली जाते, त्यांनाही तें समजावें एवढ्यासाठीं थोडें मुळापासून बोलतों.

कबड्डी, किंवा आमच्या लहानपणचा हुतूतू, हा खेळ बिनपैशाचा म्हणूनच वाढला. लंगोट आणि मोकळी जागा एवढें भांडवल पुरे. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं, त्यांना काय बिदागी मिळाली असेल? ज्या बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण महाराष्ट्रांत कबड्डीदिन म्हणून पाळतों, त्यांच्या उमेदीच्या काळीं खेळाडूला मिळे ती फार तर एखाद्या कारखान्यांत किंवा बँकेंत नोकरी. २०१४ सालीं प्रो-कबड्डी सुरू झाली तेव्हां पहिल्या लिलांवांत सर्वांत महाग ठरला तो राकेश कुमार. पाटण्याच्या संघानें त्याला १२ लाख ८० हजार रुपयांना घेतलें. हा आंकडा ऐकून आम्ही तोंडांत बोटें घातलीं होतीं. चारच वर्षांनीं, २०१८ सालीं, मोनू गोयतला हरयाणानें १ कोटी ५१ लाख दिले. २०२३ सालीं पवन सेहरावत ह्या चढाईपटूस तेलुगु टायटन्सनीं २ कोटी साठ लाख पन्नास हजार रुपयांस घेतलें. नऊ वर्षांत वीसपट! नारळाचा किंवा पापलेटचा भाव असा चढला असता तर आमचा सारा किनारा बंगल्यांत राहिला असता.

पैसा वाढला ही तक्रार नाहीं. जन्मभर गुडघे फोडून घेणाऱ्या पोराला दोन पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. प्रश्न वेगळा आहे, आणि तो लिलांवाच्या नियमांतून निघतो.

ह्या लीगमध्यें कोणत्याही मालकाला वाटेल तितका पैसा उधळतां येत नाहीं. प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. २०२२ च्या मोसमांत ती ४ कोटी ४० लाखांची होती, २०२३ पासून ५ कोटींची झाली. त्या थैलींतून किमान अठरा खेळाडू उभे करावे लागतात. आतां शाळेंतील गणित करूं. पांच कोटींतून पवनचे २ कोटी साठ लाख पन्नास हजार वजा केले कीं उरतात २ कोटी एकोणचाळीस लाख पन्नास हजार. उरलेले गडी सतरा. प्रत्येकाच्या वांट्यास सरासरी चौदा लाखांच्या आसपास येतात. म्हणजे निम्म्याहून अधिक थैली एका माणसासाठीं, आणि निम्म्याहून कमी सतराजणांसाठीं.

येथें अमेरिकेंतील एक जुनी गोष्ट सांगणें बरें, कारण महाग गडी घ्यावा म्हणणारे लोक तीच पुढें करतात. तिकडे बेसबॉल नांवाचा खेळ आहे. आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. त्यांत मैदानाच्या दूरच्या भागांत उभे राहून उंच आलेला चेंडू झेलणारे तीन खेळाडू असतात. बेब रूथ हा मूळचा चेंडूफेक्या. पण त्याची फटकेबाजी रोज हातीं असावी म्हणून त्याला ह्या दूरच्या जागेवर नेऊं लागले. १९१९ च्या डिसेंबरांत बॉस्टनच्या संघानें त्याला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला एक लाख डॉलरला विकलें. त्या काळीं ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पण १९२० सालीं रूथनें चोपन्न वेळां चेंडू सीमापार टोलविला. ज्या यांकीजनीं तोंवर आपल्या गटाचें विजेतेपद एकदांही पाहिलें नव्हतें त्यांनीं तें १९२१ सालीं मिळविलें, आणि १९२३ सालीं देशाचें अजिंक्यपद घेतलें. उलट बॉस्टनला १९१८ नंतरचें अजिंक्यपद पाहण्यास २००४ साल उजाडावें लागलें. एवढा थोर सौदा क्रीडेच्या इतिहासांत क्वचितच झाला असेल.

मग रूथच्या बाबतींत जें फळलें तें कबड्डींत कां फळूं नये? दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं त्या काळीं यांकीजच्या खर्चाला कसलीही मर्यादा नव्हती. रूथला दिलेला डॉलर दुसऱ्या कोणाच्या पगारांतून कापला जात नव्हता. मालकाच्या खिशांतून जात होता. आपल्याकडे तो शेजारच्या गड्याच्या पानांतून जातो. दुसरें कारण खेळांतच आहे. बेसबॉलचा फलंदाज बाद झाला तरी आपली पाळी आली कीं पुन्हां उभा राहतो, आणि पुढच्या डावांत मैदानावर जातोच. कबड्डींत तसें नाहीं, आणि सारी गोम तेथेंच आहे.

कबड्डी लहानपणीं प्रत्येकानें थोडीफार खेळलेली असते, म्हणून तिचे नियम आपल्याला येतात असें आपण धरून चालतों. एका बाजूस सात गडी. चढाईला तीस सेकंद. चाळीस मिनिटांचा खेळ. म्हणजे दोन्ही बाजू मिळून सुमारें ऐंशी चढाया, एका बाजूच्या वांट्यास चाळीस. चढाईवाल्यानें गडी टिपला तर तो गडी बाद, चढाईवाला धरला गेला तर तो स्वतः बाद. येथवर सर्वांना ठाऊक असतें. बाद झालेला गडी उठतो कसा, इकडे मात्र प्रेक्षकांचें लक्ष नसतें. तो आपोआप उठत नाहीं. आपल्या बाजूनें प्रतिपक्षाचा एक गडी मारला कीं आपला एक उठतो. बोनसरेषा ओलांडून मिळालेला गुण फलकावर चढतो, पण त्यानें कोणी उठत नाहीं. आणि उठण्याचा क्रम ठरलेला असतो: जो आधीं बाद झाला तो आधीं उठतो. मोठा गडी म्हणून त्याला रांगेंत पुढें घेतां येत नाहीं. (रेशनच्या दुकानांतसुद्धां एवढा न्याय मीं पाहिला नाहीं!)

आतां समजा, आपले दोन गडी आधींच बाहेर बसले आहेत, आणि मग तुमचा दोन कोटींचा चढाईपटू धरला गेला. रांगेंत त्याचा क्रमांक तिसरा. त्याला उठविण्यासाठीं तीन गडी मारले पाहिजेत, आणि तेही त्याच्यावांचून. मारणार कोण? मैदानांत उरलेले चारजण. ते जर चौदा चौदा लाखांचे नवशिके असतील तर तीन मिनिटें जातील, पांच जातील, कदाचित् लोण बसेल. लोण बसला कीं सारे सात उठतात खरे, पण प्रतिपक्षाला दोन गुणांचा नजराणा देऊन. जेवढा वेळ तो गडी बांकावर बसून टॉवेलानें घाम पुसत असतो, तेवढा वेळ त्या अर्ध्या थैलीची किंमत शून्य असते.

म्हणून मोठा चढाईपटू हा सर्वांत जास्त दुसऱ्यांवर अवलंबून असलेला गडी आहे. त्याला उठविण्याचे मार्ग दोनच. एक, दुसऱ्या चढाईपटूनें गडी टिपणें. दुसरा, प्रतिपक्षाच्या चढाईवाल्याची पकड करणें. ही पकड करणारे म्हणजे डाव्या नि उजव्या कोपऱ्यावरचे दोघे आणि त्यांना सांखळी देणारे मध्यरक्षक. कोपऱ्यावरचा गडी घोट्याला झडप घालतो. त्याची झडप पाव सेकंद चुकली तर तोच बाद. गडी तीन किंवा त्याहून कमी उरले असतां पकड झाली तर तिला अव्वल पकड म्हणतात, आणि एक गुण अधिक मिळतो. फोटो मात्र बहुधा चढाईवाल्याचा छापून येतो.

हें मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं रेवदंड्यापासून फार दूर नसलेल्या एका गांवीं मी शाळेवर होतों. गांवच्या कबड्डी मंडळाकडे बागाईतदारांनीं नि बोटवाल्यांनीं दिलेली वर्षाची वर्गणी जमली होती, बारा हजार रुपये. गांवच्या सामन्यांना बाहेरून एक नांवाजलेला चढाईपटू आणावा असें कांहींजणांचें म्हणणें पडलें. त्याची बिदागी आठ हजार. देवळाच्या सभामंडपांत रात्रीं उशिरापर्यंत वाद झाला. शेवटीं, "गुरुजी काय म्हणतात तें बघूं," असें कोणी तरी म्हणालें. मीं म्हटलें, "आणा." गांवाला एकदां तरी चषक दिसावा असें मला वाटलें.

गडी खरोखरच अस्सल होता. त्यानें पहिले दोन सामने जवळजवळ एकट्यानें काढले. त्याचा पाय मागें फिरे तेव्हां आमच्याकडच्या बायासुद्धां ओट्यावरून उठून उभ्या राहत. अंतिम सामन्याला मी गुणलेखक होतों, आणि मास्तरकीच्या संवयीनें प्रत्येक गडी केव्हां बसला नि केव्हां उठला हें समासांत मिनिटांसह टिपून ठेवीत होतों. चौथ्या मिनिटाला तो धरला गेला. आमचे दोघे आधींच बाहेर होते. पूर्वार्धाच्या वीस मिनिटांपैकीं अकरा मिनिटें तो बाहेर होता. सामना आम्ही सात गुणांनीं हरलों. त्या माणसाचा कांहीं दोष नव्हता. त्यानें आपलें काम चोख केलें आणि ठरल्यापेक्षां एक रुपयाही अधिक मागितला नाहीं.

पुढच्याच महिन्यांत कुमार गटाची जिल्हा निवड चाचणी आली. आमच्या गांवचीं आठ पोरें जाणार होतीं. मंडळपाच्या खर्चांत उरलेले चार हजार आधींच गेले होते. दोघांच्या वडिलांनीं पदरचा खर्च केला. सहाजण घरीं राहिले. त्यांत माझ्या शाळेंतला एक डाव्या कोपऱ्याचा मुलगा होता. घोटा धरण्याची कला त्याला मीं शिकविली नव्हती, ती त्याची जन्मजात होती. मीं फक्त ती ओळखली होती. त्या वर्षीं तो बोटीवर गेला, तो पुन्हां मैदानांत उतरला नाहीं. आजही भेटला कीं हंसून नमस्कार करतो आणि हातांत दोन बांगडे ठेवतो. ते घेतांना मला त्या आठ हजारांची आठवण होते.

गांवच्या बारा हजारांना जो नियम लागला तोच पांच कोटींना लागतो कीं काय, हें पाहण्यासारखें आहे. क्रिकेटचें मी येथें बोलत नाहीं. त्यावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आपल्याच मुंबईचें उदाहरण घ्या. २०१८ सालीं यू मुंबानें कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाई ह्या नव्या मुलाला ३६ लाख ४० हजारांस घेतलें. त्यानें पहिल्याच मोसमांत चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले, आणि मुंबई बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यांत यूपी योद्धाकडून हरली. दुसऱ्या वर्षीं त्याचा भाव फुटला. तेलुगु टायटन्सनीं १ कोटी ४५ लाख मोजले, म्हणजे त्या वेळच्या थैलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मुंबईनें त्याला जाऊं दिलें. शिवाजी पार्कापासून आमच्या अलिबागेपर्यंत सर्वत्र संघचालकांना नांवें ठेवण्यांत आलीं, मींही ठेवलीं. झालें काय? सिद्धार्थनें हैदराबादच्या त्या संघासाठींही दोनशेंच्या वर गुण आणले, तो कोठेंही कमी पडला नाहीं. पण टायटन्स बारा संघांत अकरावे आले. आणि त्याच्यावांचून खेळणारी मुंबई, इराणच्या फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखालीं, उपान्त्य फेरींत पोंचली व पुढें अजिंक्य ठरलेल्या बंगालकडून ३५ विरुद्ध ३७ अशी दोन गुणांनीं हरली. अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा गडी, हें सांगितलें पाहिजे.

पाटण्याचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. परदीप नरवाल ह्या चढाईपटूच्या जोरावर पाटण्यानें लागोपाठ तीन वेळां अजिंक्यपद घेतलें होतें. २०२१ च्या लिलांवांत त्याच्यासाठीं यूपी योद्धानें १ कोटी ६५ लाख दिले. लोकांनीं पाटण्याचें श्राद्ध घालून टाकलें. परंतु त्या मोसमांत परदीप नसलेला पाटणा गुणतक्त्यांत पहिला आला, उपान्त्य सामन्यांत परदीपच्याच संघाला त्यानें हरविलें, आणि अंतिम सामन्यांत दिल्लीकडून हरला तोही एका गुणानें. त्या वर्षीं पाटण्याच्या कोपऱ्यावर शादलुई उभा होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या भांडणांत ज्याचें नांव आलें तोच हा.

२०२२ सालीं तर नशिबानें जणुं प्रयोगशाळाच मांडली. तमिळ थलायवाजनीं पवन सेहरावतसाठीं २ कोटी २६ लाख दिले. ४ कोटी ४० लाखांच्या थैलीचा हा अर्ध्याहून मोठा वांटा. पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा मोसम संपला. त्याची जागा नरेंदर नांवाच्या एका कोवळ्या पोरानें घेतली. त्यानें दोनशेंच्या वर गुण केले, आणि थलायवाज आयुष्यांत प्रथमच उपान्त्य फेरींत पोंचले. पुढच्या वर्षीं तोच पवन बरा होऊन, आणखी महाग होऊन, टायटन्सकडे गेला, सारा मोसम झुंजला, आणि त्याचा संघ शेवटचा आला. ह्या दोन वर्षांचा हिशेब माझ्या बँकवाल्या विद्यार्थ्यापुढें मांडला तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, पण तो खेळाडू मोठा आहेच ना?"

आहे. त्यांत शंका नाहीं. २०१९ च्या जानेवारींत गुजरातविरुद्ध अंतिम सामन्यांत बेंगळुरूच्या अडतीस गुणांपैकीं बावीस गुण एकट्या पवनचे होते. आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत हांगझौच्या आशियाई खेळांत भारतानें सुवर्णपदक परत मिळविलें तेव्हां कर्णधार तोच होता. बँकवाल्याच्या बाजूनें आणखीही बोलतां येईल. मोठ्या गड्यासाठीं लोक तिकीट काढतात. त्याच्याकडे पाहून गांवोगांवचीं पोरें चढाई करूं लागतात. आणि शेवटच्या मिनिटाला, दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई आली कीं, जिच्यांत गुण आणला नाहीं तर चढाईवालाच बाद होतो, तेव्हां कोणाला पाठवावें हा प्रश्न चौदा लाखांच्या पोरावर सोपवितां येत नाहीं. हें सारें मला मान्य आहे. परंतु बेंगळुरूनें अजिंक्यपद जिंकलें त्या मोसमांत पवन दोन कोटींचा नव्हता, हेंही विसरूं नये. तो तोच गडी होता. थैलींत इतरांसाठीं जागा होती.

मग महाग गडी घेऊंच नये काय? येथें बर्फवाल्याच्याही बोलण्याला मुरड घालावी लागते. २०२३ च्या ज्या लिलांवांत टायटन्सनीं पवनवर अर्धी थैली ओतली, त्याच लिलांवांत पुणेरी पलटणनें शादलुईवर २ कोटी ३५ लाख ओतले. हीही जवळजवळ अर्धीच थैली. टायटन्स शेवटचे आले आणि पुणें १ मार्च २०२४ रोजीं हरयाणाला २८ विरुद्ध २५ असें हरवून पहिल्यांदां अजिंक्य ठरलें! दोघांनीं सारखीच उधळपट्टी केली. फळ मात्र अगदीं उलट मिळालें.

फरक होता तो लिलांवाच्या आधींच्या वर्षांत. पुण्यानें अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत हीं आपल्याच मुलखांतलीं पोरें आणि त्यांच्या जोडीला मोहित गोयत, गौरव खत्री, अबिनेश नडराजन् असे तरुण आधींच जमवून, सांभाळून, एकमेकांच्या संवयीचे करून ठेवले होते. आदल्या वर्षीं हाच संघ अंतिम फेरीपर्यंत गेला होता. तरुणांचा भाव अजून फुटला नव्हता, म्हणून थैलींत जागा होती. आणि जागा होती ती कोणती हें पुण्याला ठाऊक होतें. नगर जिल्ह्यांतला अस्लम कर्णधार होता. त्या मोसमांत शादलुईनें पकडींचे सर्वांत अधिक गुण मिळविले. म्हणजे तो स्वतः उठून इतरांनाही उठवीत होता. पुढच्या वर्षीं हरयाणानें त्याला २ कोटी ७ लाखांस नेलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें हरयाणानें पाटण्याला ३२ विरुद्ध २३ असें हरविलें. त्या मोसमांत पाटण्याच्या देवांकनें चढाईचे तीनशेंहून अधिक गुण आणले होते. अंतिम सामन्यांत त्याचा संघ तेवीसावर अडला.

हें पाहून मी मनांतल्या मनांत एक सूत्र बांधून टाकलें होतें: चढाईवाला महाग घेऊं नये, कोपरा महाग घ्यावा. सूत्र सुटसुटीत होतें, आणि शिक्षकाला सुटसुटीत सूत्राचा मोह फार. २०२५ च्या मोसमानें तें मोडलें. शादलुई गुजरातकडे गेला, देवांक बंगालकडे गेला, आणि त्या लिलांवांतल्या ह्या दोन सर्वांत महाग गड्यांचे दोन्ही संघ पहिल्या आठांतही आले नाहींत. अंतिम सामना दिल्ली आणि पुणें ह्यांच्यांत झाला. दिल्ली ३१ विरुद्ध २८ अशी जिंकली. पुणें शादलुईवांचून पुन्हां अंतिम फेरींत आलें होतें. कारण अस्लमच्या भोंवतालचें घर तसेंच उभें होतें. तेव्हां कोपरा आणि चढाई हा भेदही शेवटचा नव्हे. शादलुई पुण्यास आला तेव्हां त्याच्या भोंवतीं सहाजण होते. गुजरातेंत त्याला तशी जोड मिळाली नाहीं.

लिलांवाच्या दिवशीं चालकांनीं एकच प्रश्न विचारावा असें मला आतां वाटतें. हा गडी किती गुण आणील हा तो प्रश्न नव्हे; तें तर कोणालाही पत्रकावरून वाचतां येतें. हा गडी बांकावर बसला असतां त्याला उठविणारा माझ्याकडे कोण आहे, त्याचें नांव काय, आणि ह्या गड्याला पैसे देऊन झाल्यावर तो माझ्याकडे राहील काय, हा प्रश्न. २०२३ च्या पुण्याकडे ह्या प्रश्नाला चार पांच नांवांचें उत्तर होतें. मुंबईकडे २०२५ च्या मेमध्यें तसें उत्तर होतें असें मला वाटत नाहीं. म्हणून तिनें दोन कोटींची उडी घेतली नाहीं तें बरेंच केलें. यू मुंबा त्या मोसमांत पहिल्या आठांत आली आणि मग पाटण्याकडून हरली. बँकवाला म्हणतो, चढाईपटू असता तर पुढें गेली असती. बर्फवाला म्हणतो, चढाईपटू असता तर आठांतही आली नसती. हें भांडण मी मिटविणार नाहीं. त्यावर त्यांच्या पुष्कळ संध्याकाळी चांगल्या जातात.

मात्र मोसम संपल्यावर बर्फवाला एकटाच माझ्या घरीं आला. तो आतां आपल्या गांवच्या मंडळाचा खजिनदार आहे. तें गांव म्हणजे मीं मघां सांगितलें तेंच. माघी गणेशोत्सवाच्या सामन्यांसाठीं बाहेरून दोन गडी आणावे असा ठराव मंडळापुढें आला आहे, आणि वर्गणी बारा हजारांची आतां दीड लाखाची झाली आहे. त्यानें मला विचारलें, "गुरुजी, तें जुनें गुणपत्रक अजून आहे काय?" तें माझ्या ट्रंकेंत, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखालीं होतें. शाई फिकट झाली आहे, पण समासांतलीं मिनिटें अजून वाचतां येतात. तें मीं त्याच्या स्वाधीन केलें.